पाणी मानवलं का?

चिंचवडात नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात तीन प्रश्न विचारले जातात. कुठल्या कंपनीत? भाडं किती? आणि पाणी मानवलं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माणूस थोडी फिरवून देऊ शकतो. तिसऱ्याचं उत्तर त्याच्या तोंडावरच दिसतं. मीसुद्धा चाळीस वर्षांत हा प्रश्न शेकडो लोकांना विचारला असेल. विचारायचा आणि उत्तर न ऐकता पुढे चालू लागायचं, अशीच त्याची रीत आहे. उत्तर ऐकून घ्यायला मला शिकवलं ते दीड इंचाच्या एका माशाने. त्यासाठी त्या बिचाऱ्याला जीव द्यावा लागला.

टूलरूममधून निवृत्त झाल्यावर मी काय करावं, याबद्दल सर्वांनी सल्ले दिले. शेजाऱ्यांनी हास्यक्लब सुचवला, सौ.ने दळण सुचवलं. मी मात्र घरात समुद्र आणायचं ठरवलं. मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. नोकरीसाठी घाट चढून आलो आणि समुद्र मागे राहिला तो राहिलाच. चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, आणि जवळचा समुद्र म्हणजे मुंबईचा. तो सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. तेव्हा आपण समुद्राकडे जाण्यापेक्षा समुद्रानेच आपल्याकडे यावं, असा साधा विचार होता. दुकानदार म्हणाला, "काका, पहिल्यांदा पाळताय तर गप्पी घ्या." मी म्हटलं, गप्पी कोणीही पाळतं. मला खाऱ्या पाण्यातला मासा हवा.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माझी टाकी दोनशे लिटरची. म्हणजे सात किलो मीठ आलं. तेही साधं नव्हे, समुद्रातले सगळे क्षार प्रमाणात मिसळलेलं, डब्यातलं, आणि भाव असा की ते आमटीत पडलं असतं तर आमटी तिजोरीत ठेवावी लागली असती. आई गॅलरीतल्या खुर्चीवरून हे सारं पाहत होती. आई म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांची. श्रावणात वडील गेले, दिवसकार्य उरकलं, आणि मी घराला कुलूप लावून तिला रात्रीच्या गाडीने चिंचवडात आणलं होतं. आल्यापासून ती फारसं बोलत नसे. त्या दिवशी मात्र बोलली. "झिला, इतक्या मिठाचा काय लोणचा घालतलंस?"

मी म्हटलं, "नाही गं, मासा ठेवायचाय."

"खाऊचो की नुसतो बघूचो?"

बघायचा, असं सांगितल्यावर तिने तोंड पुन्हा गॅलरीबाहेर वळवलं. मासा बघायचा असतो हे तिच्या कोकणी बुद्धीला पटण्यासारखं नव्हतं.

चार दिवसांनी पुण्याहून मासा आणला. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश. २००३ साली त्याच्यावर एक कार्टून सिनेमा निघाला आणि तेव्हापासून जगातली सगळी मुलं त्याला एकाच नावाने हाक मारतात. आमच्या नातवानेही मारली. मी पिशवीचा रबर काढला, टाकीवर धरली आणि पाण्यासकट मासा ओतला. गृहप्रवेश झाला. सौ.ने टाळ्यासुद्धा वाजवल्या. मासा कोपऱ्यात गेला, काचेला नाक लावून धापा टाकत राहिला, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आडवा तरंगताना दिसला. इथून जवळच चाकणचा किल्ला आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने तो शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे ५६ दिवस लढवला. आमचा मासा ५६ तास लढला, आणि त्याच्याकडे तर किल्लाही नव्हता.

घरात जो तो काही ना काही बोलला. आई टाकीपाशी येऊन बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "तेका इचारलंस तरी, येतंस काय म्हणान?"

मी हसलो. बाकी कोणी हसलं नाही.

माणसाला अपयश आलं की तो इतिहास वाचू लागतो. आपल्याइतकीच शहाणी माणसं पूर्वीही होऊन गेली, हा दिलासा इतिहासात हमखास मिळतो. मीही वाचू लागलो. माशांचा शौक आपल्याकडे जुना आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद आहे, आणि कुठल्या माशाला काय खाऊ घालावं तेही आहे. आमच्या शेजारी देहूला इंद्रायणीतल्या माशांना वारकरी पिढ्यान्‌पिढ्या खाऊ घालत आले. त्यांना कोणी गळ लावत नसे. पण सोमेश्वर काय किंवा वारकरी काय, मासा असेल तिथे आपण जायचं, एवढं त्यांना कळत होतं. समुद्रातल्या जिवाला उचलून आपल्या दिवाणखान्यात आणायचं हे खूळ युरोपातलं.

त्यातही सुरुवात बायकांनी केली. सिसिली बेटावर झान व्हिलप्र-पॉवर नावाच्या बाई होत्या. मूळच्या शिवणकाम करणाऱ्या. १८३२ साली त्यांनी समुद्री प्राण्यांच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या करून घेतल्या. इंग्लंडात अ‍ॅना थिन या वेस्टमिन्स्टरच्या एका पाद्र्याच्या पत्नी. १८४६ साली त्या टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेल्या आणि तिथले प्रवाळ इतके आवडले की ते लंडनला न्यायचंच ठरवलं. प्रवासात आदळू नयेत म्हणून त्यांनी ते सुईदोऱ्याने एका स्पंजाला टाचले! लंडनात रोज समुद्राचं पाणी कुठून आणणार? तेव्हा आहे तेच पाणी ताजं ठेवण्यासाठी उघड्या खिडकीपाशी ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, पुन्हा पहिल्यात ओतायचं, असा रोज अर्धा-पाऊण तासाचा कार्यक्रम ठरला. हे काम अर्थातच मोलकरणीकडे. प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले. बाईंचं नाव इतिहासात राहिलं. मोलकरणीचं राहिलं नाही. जगातला पहिला एअरपंप हा असा दोन हातांचा होता.

१८४५ साली इंग्लंडात काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. पाच वर्षांत रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पाणवनस्पती, गोगलगाय आणि मासे यांचा संसार एका टाकीत नीट बसवला तर पाणी न बदलताही चालतो. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याने पुस्तक लिहून 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघर पोचवला आणि समुद्राचं पाणी कृत्रिमरीत्या कसं बनवावं याची कृतीही दिली. माझे सात किलो मीठ हे त्याच घराण्यातलं. मग काय विचारता! ज्याच्या घरी दिवाणखाना त्याच्या घरी समुद्र. लोक टोपल्या घेऊन किनाऱ्यावर धावले. घरी आणलेले जीव पटापट मरत, मग पुन्हा किनाऱ्यावर जायचं. पुढे १९०७ साली गॉसच्याच मुलाने, एडमंडने, वडिलांच्या पुस्तकांनी लावलेल्या या वेडापायी ते किनारे कसे उजाड झाले याबद्दल हळहळून लिहिलं. तेव्हा ओतून मोकळे होणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. मी तिचा चिंचवड शाखेतला सभासद.

मुंबईत १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. शाळेच्या सहलीत मीही ते पाहिलं. काचेच्या आत मासे आणि काचेबाहेर "ह्याचं कालवण बरं लागतं," "हा सध्या महाग आहे," असं बोलणारी आपली माणसं. त्या माशांना कोणी आणलं, कसं रुळवलं, आणल्याबरोबर किती गेले, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. कोणालाच पडत नाही. मत्स्यालयात जिवंत राहिलेलेच मासे दिसतात.

इतिहास संपल्यावर शरमेने दुकानात गेलो. दुकानदाराने एकच विचारलं, "काका, पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी मापून बघितलं होतं?" नव्हतं बघितलं. दोन्हीकडे पाणी, दोन्ही खारट, आणखी काय मापायचं? मग त्याने मला शाळेत न शिकवलेली गोष्ट सांगितली. समुद्रातल्या माशाचं रक्त समुद्राच्या मानाने एक तृतीयांशच खारट असतं. त्यामुळे भोवतीचं खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी सारखं ओढून घेत असतं. म्हणून तो सारखं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. म्हणजे समुद्रात राहणारा मासा जन्मभर तहानलेला! नदीतला मासा मुद्दाम पाणी पीतच नाही. त्याला आलेलं बाहेर काढता काढता पुरेवाट. दुकानदार आपल्या टाक्यांत खारटपणा मुद्दाम थोडा कमी ठेवत होता. त्याने रोगराई आटोक्यात राहते आणि मीठही वाचतं. त्याच्या पाण्याची घनता १.०१८, माझ्या पाण्याची १.०२५. आकडे बघितले तर फरक केसाएवढा. माशाच्या अंगाला मात्र तो कोकणातून एकदम राजस्थानात गेल्याइतका. हळूहळू नेलं तर त्याचं शरीर कारखान्याची पाळी बदलावी तसं काम बदलून घेतं. एकदम ओतलं तर वाळून मरतो. पाण्यात वाळून!

शिवाय माझी टाकी चार दिवसांची. काचेवर, वाळूत, दगडांवर ठरावीक जंतूंची वस्ती व्हावी लागते. माशाने सोडलेल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी असं नायट्रेट तेच करतात. या वस्तीला चारसहा आठवडे लागतात. मी पिंपरीजवळ राहून हे विसरलो, याची लाज वाटली. कारण हा सारा मुलूख जंतूंनीच नावारूपाला आणलेला. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पुढे तिथल्याच शास्त्रज्ञांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. ते ज्या जंतूपासून मिळालं त्याचं शास्त्रीय नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना'. गावाचं नाव मिरवणारा जंतू किती गावांच्या नशिबी असतो?

दीड महिना रिकाम्या पाण्याकडे बघत बसलो. मग दुसरा मासा मागवला. हा चेन्नईहून विमानाने आला, तीस तास पिशवीत. या खेपेला मी शहाणा होतो. पिशवी उघडली, मासा बादलीत घेतला, टाकीतून बारीक नळी सोडली, तिला गाठ मारली आणि थेंब थेंब पाणी सोडत तीन तास खुर्ची टाकून बसलो. सत्यनारायणालाही मी इतका वेळ बसलेलो नाही. तिसऱ्या तासाला मासा बादलीतच गेला.

दुकानदाराने कपाळाला हात लावला. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होतं. माशाने सोडलेला अमोनिया त्या पाण्यात अमोनियम होऊन गुमान पडून असतो, फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडून जातो, आम्लपणा उतरतो आणि त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. लांबून आलेल्या माशासाठी आधीच तेवढंच खारट, तेवढंच कोमट पाणी तयार ठेवायचं, मासा विनाविलंब त्यात घ्यायचा, आणि मग खारटपणा काही दिवसांत वाढवत न्यायचा. "काका," तो म्हणाला, "उघडलेल्या पिशवीत, जुन्याच पाण्यात त्याला तुम्ही तीन तास ठेवलंत. ज्या पाण्याने त्याला इथवर जगवलं, त्याच पाण्याने मारलं."

घरी परतताना बसमधून नेहमीचाच रस्ता दिसत होता. पिंपरी कॅम्प आला. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं इथल्या छावणीत उतरली होती. त्यांना त्यांचं पाणी मागण्याची सोय नव्हती. त्यांनी बाजारपेठ उभी केली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आलं, आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को, आणि माणसं येतच राहिली. केरळातली आली, त्यांनी अय्यप्पाचं देऊळ बांधलं. खानदेशातली आली, त्यांनी कानबाई आणली. १९७० साली चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका, आणि २०११ च्या जनगणनेत १७ लाखांवर माणसं भरली. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. ज्या चाकणला शाहिस्तेखानाला ५६ दिवस लागले तिथे जर्मन साहेब मिसळ मागवू लागले. या सगळ्यांनी थोडं आपलं पाणी आणलं होतं आणि थोडं इथलं घेतलं होतं. पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी होती. इथे आल्याबरोबर प्रत्येकाला काहीतरी काम होतं. गुरुवारची सुट्टी सोडली तर विचार करत बसायला फुरसत नव्हती.

आणि आमच्या घरात एक बाई गॅलरीत बसून होती.

तिला मी पहिल्या माशासारखं ओतलं होतं, हे मला पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं. त्यानंतर चूक सुधारायची म्हणून मी काय केलं? गावाहून तिची ट्रंक मागवली, तांब्याची घागर मागवली, कोकमं मागवली. टीव्हीवर दशावतार लावून दिला. स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. म्हटलं, जन्मभर केलंस, आता बस. रोज संध्याकाळी गावच्या गोष्टी काढायचो, आणि त्या काढल्या की ती आणखीच गप्प व्हायची. घराचं काय करायचं, विकायचं की ठेवायचं, हा विषय मात्र कोणी काढायचा नाही. ना ते घर सुटलेलं, ना हे घर लागलेलं. पिशवी उघडी, आणि पाणी जुनंच. मी आपला मायेने थेंब थेंब सोडतोय!

त्या रात्री मी कपाटातून गावच्या घराची किल्ली काढून तिच्या हातात दिली. म्हटलं, "ही तुझ्याजवळ ठेव. तू म्हणशील तेव्हा जायचं, तू म्हणशील तेव्हा यायचं." तिने ती पदराला पुसली आणि टाकीशेजारच्या खिळ्याला अडकवली. मग म्हणाली, "मे महिन्यात जावया. आंबे येतले." आणि जरा थांबून, "तरवो लावल्यार चार दिवस पिवळोच दिसता. तेका कोण उपटून बघणा नाय."

भाताची रोपं लावण्यात जिचा जन्म गेला तिला मी रुळवायला निघालो होतो.

तिसरा मासा आणायला तीही बरोबर आली. दुकानदाराला तिने पहिल्यांदा विचारलं, तुझ्याकडचं पाणी किती खारट? पुण्याहून चिंचवड म्हणजे तासाभराचा प्रवास. पिशवीत विष साठायला वेळ नव्हता. मधल्या काळात मी एक लहान टाकी केली होती. नव्या माशाने चार आठवडे तिथे एकटं राहायचं, म्हणजे रोग असलाच तर कळतो. आईने तिचं नाव 'बाळंतिणीची खोली' ठेवलं आणि नियमही तेच लावले. दिवा नको, गडबड नको, बघायला येणाऱ्यांची रांग नको. पिशवी पाण्यावर वीस मिनिटं तरंगत ठेवली. मग बादली, नळी आणि गाठ. थेंब मोजायला मी घड्याळ शोधत होतो, तोवर आई जपमाळ घेऊन खुर्चीवर बसलीसुद्धा. "एक माळ झाली की एकशे आठ," ती म्हणाली. सेकंदाला दोन थेंब म्हणजे एक माळ मिनिटाच्या आत. तिचा रामनामाचा वेग त्याच्याहून जास्त असल्यामुळे तिने गाठ सैल करायला लावली. तासाभराने बादलीतलं पाणी तिपटीने वाढलं, मासा जाळीने उचलून सोडला, आणि बादलीतलं पाणी मोरीत ओतलं. त्या रात्री आई गॅलरीत बसली नाही.

मासा जगला. सकाळी त्याला दाणे टाकण्याचं काम आईने आपल्याकडे घेतलं, पाठोपाठ आमटीत मीठ घालण्याचंही. वर्षभराने मी टाकीत समुद्रफूल आणलं. त्याच्या बोटांना डंख असतो, आणि क्लाउनफिश मात्र त्यातच घर करतो. ही सवलत त्याला फुकट मिळत नाही, ती तो सवयीने मिळवतो, असं १९५८ साली दोघा अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिलं आहे. आमच्या माशानेही तसंच केलं. पहिल्यांदा शेपटी लावली आणि पळाला. मग पोट घासलं, पुन्हा पळाला. दोन दिवस हा उद्योग चालला, आणि तिसऱ्या दिवशी तो त्यात जाऊन निजला. आईने सगळं पाहिलं. "मासो शाणो आसा," ती म्हणाली. माझ्याबद्दल काही बोलली नाही.

मे महिन्यात ती गावाला गेली, पंधरा दिवस म्हणून गेली आणि बाराव्या दिवशी परतली. माशाला वेळेवर दाणे मिळतात की नाही, अशी शंका तिला आली होती.

परवा मी वर्तमानपत्र वाचत होतो. आई फोनवर वेंगुर्ल्याच्या बहिणीशी बोलत होती. आवाजात चांगलाच त्रागा होता. "अगो, तुमचा बरा, दाराशी बाव. आमच्या हय पाणी एक दिवसाआड येता!"

मी पेपर खाली ठेवला. ती 'आमच्या हय' म्हणाली होती. गावच्या पाण्याबद्दल तक्रार करायला लागला, की समजावं, माणसाला पाणी मानवलं.